बारावीचे गुण आणि सीईटीचं पर्सेंटाइल: पुस्तक एकच, मग मुलांची फरफट का?

नाक्यावरचा
बारावी सायन्सच्या मुलांची तक्रार दरवर्षी तीच असते आणि दरवर्षी आपण ती 'आमच्या वेळी' म्हणत उडवून लावतो. पुस्तक एकच, पण परीक्षा दोन, आणि दोन्हींची रीत एकमेकींच्या उलट. बोर्डाचा गणिताचा पेपर ८० गुणांचा, वेळ तीन तास, पायऱ्या दाखवायच्या. राज्याच्या सीईटीत त्याच गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी २ गुण. म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, तेही ९० मिनिटांत. तिथे तर ५४ सेकंदच.

इंजिनियरिंगची जागा मिळते सीईटीवर. बोर्डाचं काम उंबरठ्यापुरतं: पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून) खुल्या गटात ४५ टक्के, राखीव गटात ४०. मग कॉलेजात जायचं कशाला, असं पोराने विचारलं तर उत्तर काय द्यायचं?

बोर्डाला प्रवेशात पुन्हा वजन द्यावं का? आणि पर्सेंटाइल न्याय्य आहे का? 'हल्लीची पोरं कष्ट करत नाहीत' हा प्रतिसाद कृपया देऊ नये. तो सगळ्यांचा वाचून झाला आहे.

चिंचपोकळीकर
हल्लीची पोरं कष्ट करत नाहीत.

(पळतो.)

खडूवाला
वजन देऊन पाहिलं आहे की. २०१४ आणि २०१५ साली राज्यातले इंजिनियरिंग प्रवेश जेईई मेन (इंजिनियरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) ५० टक्के आणि बारावी ५० टक्के अशा मिश्रणावर झाले. २०१६ला पुन्हा सीईटी आली. केंद्रातही तेच. जेईई मेनच्या क्रमवारीत बोर्डाला ४० टक्के वजन होतं, २०१७पासून काढलं. कारण एकच: प्रत्येक बोर्डाची गुण देण्याची पद्धत वेगळी. मग आधी बोर्डांचे गुण एका मापात आणायचे आणि नंतर ते परीक्षेच्या गुणांत मिसळायचे. या दुहेरी गणितावर मुलांचा विश्वास बसला नाही, पालकांचा त्याहून नाही.

वैतागलेली_आई
बाकीचं राहू दे. पर्सेंटाइल म्हणजे काय ते कोणी साध्या भाषेत सांगेल का? क्लासवाले म्हणतात '१४० आले की ९६ पक्के'. शेजारचे म्हणतात १२५ पुरतात. दोघेही छातीठोकपणे सांगतात.

सांख्यिकी_काका
दोघेही चूक, कारण गुणांचं पर्सेंटाइल आधीपासून ठरलेलं नसतंच.

सीईटी अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा शिफ्टमध्ये होते. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. म्हणून प्रत्येकाची तुलना फक्त त्याच्या शिफ्टमधल्यांशी होते. सूत्र सोपं आहे: तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण असलेले किती जण (तुम्ही धरून), भागिले त्या शिफ्टला बसलेले एकूण, गुणिले १००.

उदाहरणापुरता एक हिशेब घ्या. सकाळी २०,००० मुलं बसली, पेपर सोपा. १३० किंवा त्याखाली गुण असलेले १९,०००. तर १३० गुणवाल्याचं पर्सेंटाइल ९५. दुपारी २०,०००, पेपर कठीण. तिथे ११८ आणि त्याखाली १९,०००. तर ११८ म्हणजेही ९५. दोघे समान. सकाळचा १३० वाला 'माझे १२ गुण जास्त' म्हणून भांडतो, पण त्याच्या शिफ्टमध्ये ते १२ गुण सगळ्यांनाच मिळाले होते.

यातून तीन गोष्टी निघतात. प्रत्येक शिफ्टचा पहिला १०० पर्सेंटाइल घेतो, म्हणून १०० वाले अनेक दिसतात. त्यांना २०० पैकी २०० मिळालेले असतात असं मुळीच नाही. दुसरं, एकूण पर्सेंटाइल हे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतं. ते एकूण गुणांवरून वेगळं काढतात. पालक सरासरी काढून 'घोटाळा झाला' म्हणतात तो इथे. तिसरं, मधल्या पट्ट्यात एकाच गुणावर पुष्कळ मुलं अडकलेली असतात. वरच्या उदाहरणात २०० मुलं म्हणजे १ पर्सेंटाइल. त्या गर्दीत गणिताचा एक प्रश्न, म्हणजे २ गुण, तुम्हाला दोन-अडीच पर्सेंटाइल हलवू शकतो.

पार्लेकरीण
काका, पण यात गृहीत धरलंय की सकाळची २०,००० आणि दुपारची २०,००० मुलं सारखीच हुशार. ते कोणी तपासलं?

सांख्यिकी_काका
बरोबर जागी बोट ठेवलंत. शिफ्ट यादृच्छिक वाटल्या तर हजारांच्या गटात सरासरी जवळपास सारखी येते, आणि मधल्या मुलांना पद्धत ठीक लागू पडते. वरच्या टोकाला मात्र नशीब घुसतं. २०,००० मध्ये एक मुलगा म्हणजे ०.००५. फार हुशार दहा जण योगायोगाने एकाच शिफ्टला आले की अकरावा ०.०५ ने खाली. कॉम्प्युटरच्या जागांना ९९ च्या वर तेवढ्यालाही किंमत आहे. शिफ्ट जितकी लहान तितका हा धोका मोठा.

दशांशाची सात स्थळं काढतात ती अचूकतेसाठी नव्हे, बरोबरी कमी व्हावी म्हणून. तरी बरोबरी झालीच तर आधी गणिताचं पर्सेंटाइल, मग फिजिक्स, मग केमिस्ट्री, आणि त्यानंतर कुठे बारावीच्या गुणांचा नंबर लागतो.

बोरिवली_स्लो
म्हणजे बोर्ड हे राखीव खेळाडूसारखं. सगळे जायबंदी झाल्यावर मैदानात.

गणितमास्तरीण
बोर्डाला इतकं हिणवू नका. बारावी गणिताची रचना पाहा: १६ गुणांचे बहुपर्यायी, ४ गुण एका वाक्याचे, मग २, ३ आणि ४ गुणांचे विभाग. 'कोणतेही इतके सोडवा' यातले जादा प्रश्न धरले तर छापलेला पेपर ११२ गुणांचा, सोडवायचे ८०. म्हणजे ३२ गुणांचं न आलेलं सोडता येतं. म्हणून ज्याला दोन-तीन प्रकरणं अजिबात येत नाहीत तोही ७५ पार करतो. सीईटीत सोडायची सोय नाही, आणि बारावीची प्रकरणं निवडून केलेला मुलगा तिथे उघडा पडतो. शिवाय सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर, म्हणजे गणितात ५० पैकी साधारण १०. अकरावी 'आरामाचं वर्ष' म्हणून घालवलेल्यांचे २० गुण तिथेच अडतात.

खरी अडचण अशी की दोन्हींना लागणारी सवय वेगळी आहे. डिफरन्शियल इक्वेशन घ्या. बोर्डाला चलं वेगळी करा, दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन करा, स्थिरांक लिहा, मग किंमत घाला. एकेका पायरीला अर्धा-एक गुण. सीईटीत तोच प्रश्न उलटा सोडवायचा: पर्यायातलं उत्तर घ्या, डिफरन्शिएट करा, दिलेल्या समीकरणात बसतं का बघा. त्रिकोणमितीत कोनाला सोयीची किंमत देऊन तीन पर्याय बाद करा. मात्र ४५° घेऊ नका. साइन आणि कोसाइन तिथे सारखेच असतात, त्यामुळे दोन पर्याय एकच उत्तर देतात आणि मूल गोंधळतं. ३० घ्या. ०° आणि ९०° लाही सांभाळून, कारण टॅन किंवा कोट तिथे अर्थहीन होतो.

हे कॉलेजच्या तासाला शिकवलं जात नाही, कारण तास बोर्डाचा. क्लासात पायऱ्या शिकवत नाहीत, कारण क्लास सीईटीचा. मधे मूल.

कळवा_फास्ट
कसला तास आणि कसलं कॉलेज? इंटिग्रेटेडवाल्यांची (कॉलेज आणि क्लासचं साटंलोटं असतं ते) हजेरी क्लासात, नाव कॉलेजात. ते रोखायला २०१८ला सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायचा आदेश निघाला होता.

चिंचपोकळीकर
बोटाचा ठसा कॉलेजात, डोकं दादरच्या क्लासात, पोट कळव्याच्या डब्यावर. मुंबईचं पोर म्हणजे तीन ठिकाणची शाखा.

खडूवाला
हसण्यावारी नेऊ नका. ७५ टक्के हजेरीचा नियम कागदावर आहेच. प्रात्यक्षिकांचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी ३० गुण (लेखी ७०) याच कॉलेजांत मिळतात. जर्नल उतरवून काढलेलं, व्हर्नियर (बारीक लांबी मोजायचं साधन) हातात न धरलेलं, तरी गुण २८-२९. बोर्डाला वजन द्या म्हणणाऱ्यांनी हे ३० कोण आणि कसे देणार ते आधी सांगावं.

दहावीतही तेच. २० गुण शाळेच्या हातात. २०१९ला भाषा आणि समाजशास्त्राचे ते २० काढले. राज्याचा निकाल २०१८च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. २०२०ला परत दिले, निकाल ९५.३०. यापलीकडे पुरावा काय हवा?

पार्लेकरीण
पुरावा अर्धा आहे. २०१९ला दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, पहिलंच वर्ष. आणि २०२०ला लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला, त्याचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीने दिले. तिन्ही वर्षांची परीक्षा एकसारखी नव्हती. २० गुणांचा हात आहे, पण सगळा फरक त्यांच्या गळ्यात घालू नका.

खडूवाला
भूगोलाचा मुद्दा मान्य. अभ्यासक्रमाचा अर्धा मान्य.

आंबोळी
अवांतर: चित्रकलेच्या इंटरमीजिएटचे गुण अजून मिळतात का? दहावीला लागेल.

गणितमास्तरीण
@आंबोळी, मिळतात. ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, प्रमाणपत्राची प्रत शाळेने मागितलेल्या तारखेच्या आत द्या. निकालानंतर धावाधाव करून उपयोग नाही. हे गुण आणि बेस्ट ऑफ फाइव्ह एकत्र आले की १०० टक्केवाले कुठून उगवतात ते कळेल.

वैतागलेली_आई
बेस्ट ऑफ फाइव्हवर वेगळा धागा काढा खरं तर. सहा विषयांतला सगळ्यात कमी गुणांचा गळतो. तो गणित असला तरी टक्केवारीत दिसत नाही. मग ९२ टक्क्यांवर अकरावी सायन्स मिळते आणि सहा महिन्यांत रडारड.

नाक्यावरचा
त्यामागे इतिहास आहे. मुंबईत अकरावीच्या जागांसाठी एसएससी विरुद्ध आयसीएसई-सीबीएसई ही मारामारी जुनी. २००८ला पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, उच्च न्यायालयात टिकलं नाही. २००९ला एसएससीच्या मुलांना ९० टक्के जागा, तेही टिकलं नाही. २०१०ला बेस्ट ऑफ फाइव्ह. उच्च न्यायालयाने रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयात तगलं. २०२१ला दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. म्हणून अकरावीसाठी सीईटी जाहीर केली: इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, प्रत्येकी २५ गुण. २१ ऑगस्टला व्हायची होती, १० ऑगस्टला न्यायालयाने रद्द केली.

बोरिवली_स्लो
आपल्याकडे प्रवेशाची अंतिम फेरी हायकोर्टातच असते.

कळवा_फास्ट
ज्यांची सीईटी तोंडावर आहे त्यांच्यासाठी काही कामाचं. आधी फिजिक्स-केमिस्ट्रीचे ९० मिनिटं, मग तो भाग बंद आणि गणित उघडतं. मागे जाता येत नाही. केमिस्ट्री लवकर संपली तरी उरलेली मिनिटं गणिताला मिळत नाहीत, ती फिजिक्सवरच घालवा.

निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही प्रश्न रिकामा ठेवणं हा गाढवपणा आहे. गणिताचे २० प्रश्न डोळे मिटून टिचकावले तरी सरासरीने ५ बरोबर, म्हणजे १० गुण. पण हे शेवटच्या मिनिटाला करू नका. प्रत्येक उत्तर सेव्ह करायला दोन टिचक्या लागतात. शेवटची चार मिनिटं त्यासाठी राखून ठेवा.

परीक्षा रविवारी असेल तर लोकलचा मेगाब्लॉक बघा. मध्य रेल्वेचा बहुधा माटुंगा-मुलुंड जलद मार्गावर, सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो. हार्बरचा वेगळा. सकाळच्या शिफ्टला जाताना त्रास नाही, येताना आहे. दुपारच्या शिफ्टला जातानाच आहे. केंद्र नवी मुंबई किंवा मीरा रोडकडचं असेल तर आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून निघायची वेळ ठरवा.

आंबोळी
जेईईला पण असंच टिचकवायचं का?

कळवा_फास्ट
मुळीच नको, तिथे उणे आहे.

सांख्यिकी_काका
'मुळीच नको' म्हणायच्या आधी हिशेब करू. बरोबरला +४, चुकीला −१, पर्याय चार. आंधळेपणाने मारलं तर सरासरी (४ − ३) ÷ ४ = +०.२५. तोटा नाही, पण नफाही नगण्य, आणि चढउतार मोठा. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर +०.६७. दोन बाद झाले तर +१.५. तिथे न मारणं हाच तोटा. प्रत्येक विषयात २५ पैकी ५ प्रश्न संख्यात्मक उत्तराचे असतात. त्यांनाही उणे १ आहे आणि पर्याय नाहीत. तिथे अंदाज मारू नका.

कळवा_फास्ट
दंडवत, काका. 'मुळीच' शब्द मागे.

पार्लेकरीण
न्याय्य-अन्याय्य चाललंय तर पेपर काढणाऱ्यांविषयीही बोला. २०२५ला २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या. ५ मे रोजी फेरपरीक्षा, सुमारे २७,००० मुलं. कित्येकांनी तेव्हा विचारलं, 'त्या प्रश्नांचे गुण सगळ्यांना देऊन टाकायचे ना, पुन्हा कशाला बसवता?' पण २१ प्रश्न म्हणजे १०० पैकी ४२ गुण. तेवढे सरसकट वाटले की हुशार-कच्चा ठरवायला ५८ गुणच उरतात, त्यात सगळे चिकटून बसतात. फेरपरीक्षा हाच मार्ग होता. पण मुलांची ती वाया गेलेली तयारी कुठल्या सूत्रात बसत नाही.

आणि उत्तरसूचीवर आक्षेप घ्यायचा तर प्रश्नामागे १००० रुपये. चूक त्यांची, अनामत आमची.

खडूवाला
अनामत परत मिळते. हे शुल्क आहे, परत मिळत नाही. पण नसेल तर लाखभर मुलं प्रत्येक प्रश्नावर आक्षेप घेतील, हेही खरं. आक्षेप घेताना पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो जोडा. क्लासच्या नोट्स जोडून उपयोग नाही.

चिंचपोकळीकर
२०२४च्या नीटमध्ये (मेडिकलची प्रवेश परीक्षा, ७२० गुणांची) ७१८ आणि ७१९ गुण आले होते, आठवतंय? प्रत्येक प्रश्न +४ किंवा −१. ७२० नंतर एक सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. मधले गुण येतातच कसे, हे आधी मुलांनीच विचारलं होतं. वेळ वाया गेल्याबद्दलचे वाढीव गुण निघाले, १५६३ जणांचे ते पुढे रद्द. गणितात कच्ची म्हणून ज्यांना हिणवतो त्यांचा हिशेब पक्का असतो.

गणितमास्तरीण
मूळ प्रश्नावर येते. ५०:५० नको, ते २०१४-१५ला पाहिलं. पण बोर्ड नुसतं ४५ टक्क्यांपुरतं ठेवणंही बरं नाही. माझं मत: प्रात्यक्षिकाचे ३० कॉलेजबाहेरच्या परीक्षकाने, साहित्य मांडून, खरोखर घ्यावेत आणि फक्त तेवढ्यांनाच प्रवेशात थोडं वजन द्यावं. संगणकावर मोजता येत नाही असं तेवढंच बारावीत उरलंय.

कळवा_फास्ट
मुंबईत परीक्षक बाहेरचा म्हणजे शेजारच्या कॉलेजचा. पुढच्या आठवड्यात आपला प्राध्यापक त्याच्याकडे. देवाणघेवाण.

गणितमास्तरीण
म्हणून परीक्षक दुसऱ्या विभागीय मंडळाचा. राज्यात नऊ आहेत.

पार्लेकरीण
मला एकच परीक्षा, पण वर्षातून दोनदा आणि चांगले गुण धरायचे, हे पटतं. जेईई मेनचं जानेवारी-एप्रिल तसंच आहे. शिवाय ज्यांना आयआयटी-एनआयटीला जायचंय त्यांनी बोर्ड सोडून देऊ नये. तिथे बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. जेईईत उत्तम गुण आणि बोर्डात ७१ टक्के, ही दुर्घटना दर जूनला घडते.

नाक्यावरचा
म्हणजे 'कॉलेजात जायचं कशाला' याला निदान काही मुलांपुरतं उत्तर आहे. बाकीच्यांना देण्याजोगं अजून दिसलं नाही.

वैतागलेली_आई
सर्वांचे आभार. शेवटचं: बोर्डात फिजिक्स अपेक्षेपेक्षा फार कमी आलेत. गुणपडताळणी करू की थेट पुनर्मूल्यांकन? सायबर कॅफेवाला सांगतो दोन्ही भरा.

खडूवाला
गुणपडताळणी म्हणजे बेरीज आणि न तपासलेला प्रश्न राहिला का एवढंच, विषयाला ५० रुपये. उत्तर पुन्हा वाचत नाहीत. पुनर्मूल्यांकन थेट मागता येत नाही, आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, विषयाला ४००. ती हातात आली की फिजिक्सच्या शिक्षकाकडून तपासून घ्या. गणितं सोडवलेली असून पायऱ्यांचे गुण कापलेले दिसले तरच पुढे जा, त्याला ३०० वेगळे. बहुपर्यायी प्रश्नात दोनदा उत्तर लिहिलं असेल तर वाद घालू नका, पहिलंच धरतात, तसं पेपरवर छापलेलं असतं.

मुदत छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाचे ५ दिवस. ई-मेलने आली तर आली त्या दिवसापासून मोजा, उघडून पाहिली त्या दिवसापासून नव्हे.